रिकाम्या तक्त्यापासून परिषद: सहभागींनीच घडवायच्या संमेलनाचे पहिले आयोजन

हॅरिसन ओवेन या अमेरिकी गृहस्थांनी 1983 मध्ये संस्थांच्या परिवर्तनावर एक परिषद भरवली आणि तिच्या तयारीत त्यांचे जवळजवळ वर्ष गेले. परिषद संपल्यावर त्यांच्या लक्षात आले की आलेल्यांना सर्वांत मोलाचा वाटलेला भाग म्हणजे मधल्या सुट्टीतल्या चहा-कॉफीच्या गप्पा, आणि नेमका तेवढाच भाग त्यांनी आखलेला नव्हता. 1985 मध्ये त्याच मालिकेतली तिसरी परिषद कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे भरली, तेव्हा त्यांनी वक्ते ठरवले नाहीत आणि कार्यक्रमपत्रिकाही छापली नाही. जमलेल्यांना त्यांनी गोलात बसवले आणि ज्याला ज्या विषयावर बोलायचे आहे त्याने तो कागदावर लिहून भिंतीवर लावावा, एवढेच सांगितले. परिषदेचा सगळा कार्यक्रम त्या भिंतीवर तयार झाला. या पद्धतीला 'ओपन स्पेस' असे नाव पडले. गोलात बसण्याची कल्पना ओवेन यांनी लायबेरियातल्या एका गावात घेतलेल्या अनुभवावरून उचलली होती; तिथे मुलांच्या वयात येण्याचा कित्येक दिवसांचा सोहळा कोणत्याही आयोजन समितीशिवाय सुरळीत पार पडताना त्यांनी पाहिला होता.

पुढे याच वाटेने आणखी काही प्रकार आले. 2005 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथे संगणक क्षेत्रातल्या मंडळींनी आठवडाभराच्या तयारीवर पहिला 'बारकॅम्प' भरवला, आणि 2006 पासून तो भारतातल्या शहरांतही भरू लागला. 2010 मध्ये फिलाडेल्फियात शिक्षकांनी स्वतःसाठी 'एडकॅम्प' सुरू केला. या साऱ्यांना मिळून 'अनकॉन्फरन्स' म्हणतात. तपशील वेगवेगळे असले तरी विषय कोणी ठरवायचे याचे उत्तर सगळीकडे एकच आहे: जे प्रत्यक्ष आले आहेत त्यांनी, आणि त्याच दिवशी.

गेली काही वर्षे मी शिक्षक, ग्रंथालय कार्यकर्ते आणि बचत गटांच्या प्रशिक्षिका यांच्यासाठी अशा एकदिवसीय परिषदा भरवण्यात हातभार लावत आलो आहे. पहिल्यांदाच आयोजन करणाऱ्या व्यक्तीला लागेल ते सारे पुढे क्रमाने लिहितो. संख्या साठ, वेळ एक दिवस आणि जागा सुट्टीच्या दिवशीची एखादी शाळा, असे धरून चालू.

आधी ठरवा: हीच पद्धत हवी आहे का

नवा शासन निर्णय समजावून सांगायचा असेल, एखादे सॉफ्टवेअर शिकवायचे असेल किंवा निर्णय आधीच होऊन गेला असेल, तर ही पद्धत वापरू नये. तिथे नीट तयारी केलेले व्याख्यान किंवा साधे प्रशिक्षणच योग्य ठरते. निर्णय झालेला असताना लोकांना "तुम्हीच विषय ठरवा" असे सांगणे ही फसवणूक आहे, आणि ती लोकांच्या लगेच लक्षात येते. प्रश्न खरा असावा, त्याचे उत्तर कोणा एकाकडे नसावे, त्यावर मतभेद असावेत आणि त्याची झळ येणाऱ्यांपैकी बहुतेकांना लागत असावी; या चार गोष्टी असतील तर ओपन स्पेस उत्तम चालते.

आयोजक संस्थेच्या प्रमुखांशी हे बोलणे महिनाभर आधी करावे. त्यांना थेट विचारावे की, आपल्याला न रुचणारा विषय तक्त्यावर लागला तर चालेल का. उत्तर गुळमुळीत आले, तर दिवस पुढे ढकललेला बरा.

प्रश्न आणि निमंत्रण

विषय लोक ठरवतात, पण मध्यवर्ती प्रश्न आयोजकाने ठरवायचा असतो, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वाधिक वेळ द्यावा असे काम हेच आहे. 'गुणवत्ता विकास: दिशा आणि आव्हाने' अशा शीर्षकाखाली लोक काहीही बोलू शकतात, त्यामुळे नेमके काहीच बोलले जात नाही. त्याऐवजी 'आपल्या शाळेतले प्रत्येक मूल चौथीच्या आत अर्थ समजून वाचू लागावे, यासाठी पुढच्या सहा महिन्यांत आपण काय करू शकतो?' असा प्रश्न विचारला की माणूस घरूनच विचार करत येतो. प्रश्नात 'आपण' असावे, कालावधी असावा, आणि तो वाचून एखाद्या कार्यकर्त्याला स्वतःच्या कामातला एखादा दिवस आठवला पाहिजे.

निमंत्रणात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: प्रमुख वक्ते नाहीत, कार्यक्रम सकाळी सर्वांनी मिळून ठरवायचा आहे, आणि दहा वाजता पोहोचणे आवश्यक आहे. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण नेहमीच्या समारंभाला साडेअकराला आले तरी काही चुकत नाही, पण इथे पहिला तास चुकला की संपूर्ण दिवसाची घडी कळत नाही. कोणालाही विषय आधी पाठवायला सांगू नये. पाठवायला सांगितले की नेहमी बोलणारे पाच जण पाठवतात आणि बाकीचे श्रोते होऊन येतात.

जागा, सामान आणि तक्ता

साठ माणसे एका किंवा दोन गोलांत बसतील असे सभागृह किंवा मोठा व्हरांडा हवा, आणि त्याशिवाय वेगवेगळ्या चर्चांसाठी पाच जागा हव्यात. वर्गखोल्या मिळाल्या तर सोयीचे. नसतील तर झाडाखाली सतरंज्या टाकाव्यात, मात्र दोन गटांमध्ये एवढे अंतर ठेवावे की शेजारच्या गटाचे शब्द ऐकू येणार नाहीत. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक जागी काही खुर्च्या असाव्यात. व्यासपीठ, माइक आणि पहिल्या रांगेतले सोफे यांची गरज नाही. सोफे तिथे असले तर ते आधीच बाजूला करून घ्यावेत, कारण ते असले की कोणी ना कोणी मान्यवर त्यावर बसवला जातो आणि गोल तिथे तुटतो.

सामानात कोरे ए-फोर कागद, जाड मार्कर, कागदी चिकटपट्टी, चार्टपेपर आणि एक टाळ किंवा शाळेची घंटा एवढे पुरते. मार्कर मुद्दाम जाडच घ्यावेत. पेनाने लिहिलेला विषय चार फुटांवरून वाचता येत नाही.

तक्ता म्हणजे भिंतीवर चिकटवलेले चार्टपेपर. आडव्या ओळीत वेळा, उभ्या रकान्यांत जागा. चार वेळा आणि पाच जागा धरल्या तर वीस चौकोन होतात, म्हणजे दिवसभरात वीस सत्रे होऊ शकतात आणि एका वेळी सरासरी बारा माणसे एका गटात असतील. सर्व चौकोन भरलेच पाहिजेत असे अजिबात नाही. सत्र पंचेचाळीस मिनिटांचे आणि मध्ये दहा मिनिटे ठेवली की दिवस असा बसतो: दहा ते सव्वाअकरा प्रारंभ, साडेअकरा आणि बारा पंचवीस ही सकाळची दोन सत्रे, एक दहाला जेवण, दोन आणि दोन पंचावन्न ही दुपारची दोन सत्रे, मग चहा, आणि चार ते पाच सर्वांचा शेवटचा गोल. जागांना क्रमांकाऐवजी 'कडुलिंब', 'ग्रंथालय', 'पाण्याची टाकी' अशी नावे द्यावीत. नव्या माणसाला ती जागा शोधावी लागत नाही.

सकाळचा पहिला तास

स्वागत दोन मिनिटांत करावे. एखादे अधिकारी आवर्जून आले असतील तर त्यांनाही गोलात बसवावे आणि दोन मिनिटे बोलण्याची विनंती करावी. आधी फोनवर नीट कल्पना दिली, तर बहुतेक जण ते आनंदाने मान्य करतात. सत्कार ठेवायचाच असेल तर तो शेवटी, काम झाल्यावर ठेवावा.

त्यानंतर सूत्रसंचालकाने गोलात उभे राहून मध्यवर्ती प्रश्न वाचावा आणि पद्धत सांगावी. गोलाच्या मध्यभागी कागद आणि मार्कर ठेवलेले असतात. ज्याला एखाद्या विषयावर खरोखर बोलायचे आहे त्याने मध्ये यावे, कागदावर विषय एका ओळीत मोठ्या अक्षरांत लिहावा, खाली आपले नाव लिहावे, उभे राहून तो सर्वांना वाचून दाखवावा आणि तक्त्यावर हव्या त्या चौकोनात चिकटवावा. विषय मांडणाऱ्याने भाषण द्यायचे नसते. त्याच्यावर दोनच जबाबदाऱ्या असतात: ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहून चर्चा सुरू करणे आणि तिची नोंद ठेवली जाईल हे पाहणे. विषयाचा जाणकार असण्याची अट नाही, आणि हे वाक्य दोनदा सांगावे. आपल्याकडे "मला काय एवढे कळते" म्हणून गप्प बसणाऱ्यांत अनेकदा सर्वांत अनुभवी स्त्रिया असतात.

सांगून झाले की सूत्रसंचालकाने बाजूला होऊन बसावे. आता शांतता पसरते, आणि ती सोसणे हेच आयोजकाचे या दिवसातले सर्वांत अवघड काम आहे. पहिल्या परिषदेत मला ते जमले नाही. अर्ध्या मिनिटात कोणी उठले नाही म्हणून मीच एक विषय सुचवला, आणि त्यानंतर आलेले सगळे विषय माझ्याच विषयाची रूपे निघाली. लोकांनी मला काय अपेक्षित आहे ते ओळखून तेवढेच दिले. पुढच्या खेपेस मी हात मांडीखाली घेऊन बसून राहिलो. दीड-दोन मिनिटे गेली असतील. मग मागच्या रांगेतल्या एक शिक्षिका उठल्या, मध्ये येऊन उकिडव्या बसल्या आणि कागदावर लिहू लागल्या. अक्षर बारीक आले म्हणून त्यांनी तो कागद उलटा केला आणि मागच्या बाजूने पुन्हा लिहिले: 'चौथीतली जी मुले अजून वाचत नाहीत, त्यांच्यासोबत दुपारच्या दोन तासांत नेमके काय करायचे?' त्यांनी ते वाचून दाखवेपर्यंत आणखी तीन जण मध्ये येऊन बसले होते. वीस मिनिटांत तक्त्यावर सतरा विषय लागले.

दोन विषय अगदी सारखे वाटले तर त्या दोघांनाच विचारावे की एकत्र बसायचे का. आयोजकाने परस्पर कागद एकत्र करू नयेत; बाहेरून सारखे दिसणारे प्रश्न पुष्कळदा वेगळे निघतात. वेळांची अडचण असेल तर मांडणाऱ्यांनी आपापसात बदल करावा. शेवटी पाच-दहा मिनिटे सर्वांना तक्त्यासमोर उभे राहू द्यावे आणि आपापली सत्रे निवडू द्यावीत. ही गर्दी थोडी गोंधळाची दिसते, पण ती आवरण्याची घाई करू नये.

दोन पायांचा नियम

ओवेन यांनी काही तत्त्वे सांगितली, ती तक्त्याशेजारी मोठ्या अक्षरांत लावावीत. जे आले आहेत तेच योग्य लोक आहेत. जे घडले तेच घडू शकत होते. ज्या वेळी सुरू होईल तीच योग्य वेळ. संपले की संपले. म्हणजे वीस मिनिटांत बोलून झाले तर पंचेचाळीस मिनिटे भरण्यासाठी ताणू नये, आणि न संपल्यास गटाने दुसरी जागा आणि वेळ शोधावी.

पहिले तत्त्व पाळणे वाटते तितके सोपे नाही. एकदा एका शिक्षकांनी द्विशिक्षकी शाळेच्या वेळापत्रकाचा विषय लावला आणि त्यांच्या सत्राला एकच व्यक्ती आली. ते नाराज होऊन सत्र रद्द करायला निघाले होते. त्यांना थांबवले, तेव्हा त्या दोघांनी दोन शाळांची वेळापत्रके शेजारी ठेवून कोणत्या तासाला कोणते दोन वर्ग एकत्र बसवता येतील याचा आराखडा काढला. गटात वीस जण असते तर इतके बारीक काम होणे शक्य नव्हते.

या तत्त्वांच्या जोडीला एकच नियम आहे. ज्या चर्चेत आपण काही शिकतही नाही आणि काही देतही नाही, तिथून आपल्या दोन पायांनी उठून दुसरीकडे जावे. जे व्हीलचेअर किंवा काठी वापरतात त्यांच्यासाठीही नियम तोच आहे, म्हणून जागा निवडताना पायऱ्यांचा विचार करावा.

हा नियम आपल्याकडे समजावून सांगावा लागतो, नुसता वाचून चालत नाही. कोणी बोलत असताना उठून जाणे हा आपल्या संस्कारांत अपमान आहे, त्यातून बोलणारे वयाने किंवा पदाने मोठे असतील तर बोलायलाच नको. मी सुरुवातीलाच सर्वांसमोर सांगतो की आज उठून जाणे म्हणजे अनादर नव्हे. गटाला नमस्कार करा आणि निघा, आणि ज्यांच्या सत्रातून कोणी उठेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. एवढे पुरत नाही. आयोजकांपैकी दोघांनी पहिल्या सत्रात मुद्दाम, सर्वांच्या देखत, एका गटातून नमस्कार करून उठावे आणि दुसऱ्यात जाऊन बसावे. एकाने केलेले पाहिले की इतरांना धीर येतो. याचा दुसरा फायदा असा की लांबलचक बोलणाऱ्याला कोणी थांबवण्याची वेळ येत नाही. गट आपोआप लहान होतो आणि त्यांनाही ते कळते.

काही माणसे दिवसभर या गटातून त्या गटात फिरतात आणि एकीकडचे मुद्दे दुसरीकडे नेतात. ओवेन त्यांना भुंगे म्हणत. काही जण कोणत्याच सत्रात न बसता चहाच्या टेबलाजवळ उभे असतात, आणि तिथेही चर्चा जमते. ती फुलपाखरे. दोघांनाही आत ढकलण्याची गरज नाही.

सत्रे चालू असताना

आयोजकाने या काळात पाणी, चहा, घड्याळ आणि तक्ता सांभाळावा. सत्र संपायच्या पाच मिनिटे आधी टाळ वाजवत एक फेरी मारावी. गटात शिरून चर्चेला वळण देऊ नये, निष्कर्ष सुचवू नयेत आणि "इकडे थोडे लक्ष द्या" म्हणत मधेच सूचना करू नयेत.

एखाद्या गटात तीस-चाळीस माणसे जमली तर मांडणाऱ्याला 'फिशबोल' सुचवता येते. मध्ये पाच खुर्च्या ठेवायच्या, त्यांतली एक नेहमी रिकामी. मधले चौघेच बोलतात, बाकीचे भोवती बसून ऐकतात. ज्याला बोलायचे आहे तो रिकाम्या खुर्चीत येऊन बसतो आणि मधल्यांपैकी एक जण उठून जागा देतो. लोक अगदीच संकोची असतील, तर दिवसाची सुरुवात 'वर्ल्ड कॅफे'ने करावी. ही पद्धत जुआनिटा ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांच्या घरी 1995 मध्ये सुरू झाली: चार-पाच जणांची टेबले, वीस मिनिटांच्या फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर एक यजमान टेबलावर थांबतो आणि बाकीचे वेगवेगळ्या टेबलांवर विखुरतात. दोन फेऱ्यांत माणसे मोकळी होतात, आणि मग विषय मांडायला सांगितले की शांतता कमी वेळ टिकते.

नोंद

नोंद ठेवली नाही तर संध्याकाळपर्यंत फक्त छान वाटल्याची भावना उरते. प्रत्येक सत्रासाठी एक पानी छापील नमुना आधीच द्यावा: विषय, मांडणारे, उपस्थितांची नावे, मुख्य मुद्दे, न सुटलेला प्रश्न, आणि 'कोण, काय, केव्हापर्यंत'. लिहिण्याचे काम मांडणाऱ्याने करू नये, गटातल्या दुसऱ्याने करावे. आणि ते दर वेळी गटातल्या सर्वांत तरुण मुलीकडेच जात नाही ना, याकडे आयोजकाने लक्ष ठेवावे. पूर्ण झालेले पान तक्त्याशेजारच्या 'वार्ताफलका'वर लावावे, त्याचा फोटो काढून त्याच दिवशी सर्वांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. माणसांचे फोटो मात्र त्यांना विचारूनच काढावेत.

चर्चा आणि निर्णय यांत गल्लत होऊ नये, हे इथे सांगणे आवश्यक आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने हा फरक फार नेटका सांभाळला आहे: अभ्यासगटात मोकळेपणी चर्चा होते, तिथे निर्णय घेतला जात नाही, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. ओपन स्पेसचा एक दिवस हा अभ्यासगटासारखा आहे. त्यातून निर्णय हवे असतील तर आणखी अर्धा ते एक दिवस राखून ठेवावा, सर्वांनी नोंदी वाचाव्यात, अग्रक्रम लावावेत आणि मगच जबाबदाऱ्या वाटाव्यात. एका दिवसात दोन्ही उरकण्याचा प्रयत्न केला की दुपारची सत्रे घाईत जातात.

शेवटचा गोल आणि त्यानंतर

चार वाजता सर्वांनी पुन्हा गोलात बसावे. एखादी वस्तू, काठी किंवा चेंडू, हातोहात फिरवावी. ती ज्याच्या हाती असेल त्याने एक-दोन वाक्ये बोलावीत, किंवा न बोलता पुढे द्यावी. साठ माणसांना यात पाऊण तास लागतो. इथे सारांश सांगणारे भाषण ठेवू नये, आणि गटांचे सादरीकरणही ठेवू नये. पाने वार्ताफलकावर आहेतच.

आठवड्याभरात सर्व पाने एका फाइलमध्ये टंकून पाठवावीत. पंधरा दिवसांनी 'कोण, काय, केव्हापर्यंत' या रकान्यात ज्यांची नावे आहेत त्यांना एकेक फोन करावा. हा फोन चौकशीचा नसावा, मदतीचा असावा: कोणाला कोणाचा क्रमांक हवा आहे, कोणाला संदर्भ हवा आहे, कोणाचे काम कुठे अडले आहे. पुढच्या परिषदेची आयोजन समिती याच यादीतून निवडावी आणि तिच्यात निम्मी माणसे अशी असावीत ज्यांनी या वेळी पहिल्यांदाच मध्ये येऊन कागदावर विषय लिहिला.